मार्फत, भुईचाफा

“चाफ्या, सांग त्यास्नी, ग्यास सपलाय. आज चुलीवर व्हईल, वाईच उशीर लागंल.”

साळुबाई परसदारी भिंतीच्या कोपऱ्याकडे बघून बोलली. कोपऱ्यात जमिनीलगत चार-सहा पानं होती, वरून हिरवी, खालून जांभळट. त्या पानांपासून दोन हातांवर बाजेवर रामनाथ सुपारी कातरत बसले होते आणि या वयातही त्यांचे कान खणखणीत होते. सुपारी कातरून झाली, अडकित्ता मिटला, मग ते पानांकडे वळले.

“चाफ्या, घाई न्हाई म्हणावं. अन् वली लाकडं नगं जाळू, कोपऱ्यातली वाळकी घे म्हणावं. डोळं जात्यात धुरानं.”

साळुबाईनं वाळकी लाकडं घेतली आणि आत गेली.

या दोघांत भांडण नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर वाचणारा बांधाचा वाद शोधत बसायचा. रामनाथ थोरला भाऊ, अमृत धाकटा, आणि साळुबाई अमृतची बायको. निरगुडसरच्या या घरात ती सून होऊन आली तेव्हा सासूनं उंबऱ्यावरच बजावलं होतं, चुलीला पाय लावायचा नाही आणि थोरल्या दिराच्या तोंडाला तोंड द्यायचं नाही. पुढे गॅस आला आणि पहिला नियम आपोआप सैल झाला. दुसरा तसाच राहिला. रामनाथ ओसरीवर आले की ती डोईवरचा पदर सारखा करून खांबाआड व्हायची, आणि त्यांना काही सांगायचं झालं तर नवऱ्याला सांगायची, जावेला सांगायची, कुणीच नसलं तर पाळण्यातल्या पोराला सांगायची. पोराला काय कळणार, पण ज्याला कळायचं त्याला कळायचं. तिच्या वयाच्या सगळ्याच बायका असं करत. फरक इतकाच की बाकीच्यांचं कधीतरी सुटलं, हिचं सुटायचं राहून गेलं.

एकदाच काय तो सुटायचा प्रसंग आला होता. पोरगा गोरख, त्याच्या वेळी दिवस भरायच्या आतच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या, आणि अमृत नेमका बटाटा घेऊन मार्केटला गेलेला. रामनाथ एसटीत ड्रायव्हर. गावातून मंचरला जाणारी संध्याकाळची गाडी त्या दिवशी त्यांच्याच हातात होती. जावेनं, अंबाबाईनं, तिला गाडीत आणून बसवलं. गाडी सुटली, रस्ता म्हणजे नुसते खड्डे, आणि कंडक्टर होता जुन्नरचा इस्माईल. तो ड्रायव्हरच्या जाळीपाशी जायचा, मागे यायचा.

“वैनी, ड्रायवर विचारतोय, हळू घेऊ का जोरात?”

“सांगा, जोरात.”

तो पुढे जाऊन सांगायचा. गाडी जोरात जायची. खड्ड्यात आदळायची.

“वैनी, तो विचारतोय, आदळलं का लई?”

“त्यास्नी म्हणावं, रस्त्याकडं बघा.”

सगळी गाडी हसली होती. साळुबाईलाही त्या कळांत हसू आलं होतं. मंचरच्या दवाखान्यात गोरख सुखरूप झाला. रामनाथ दाराबाहेरून इस्माईलला म्हणाले, “इचार, बरी हाय का,” आणि उत्तर आल्यावर गाडी घेऊन पुढच्या फेरीला गेले.

भुईचाफा आला तो त्यानंतर काही वर्षांनी. रामनाथांना तेव्हा भीमाशंकरची गाडी होती, मुक्कामी. घाटातल्या एका वाडीवर एक म्हातारी रोज हात करायची, कधी चढायला, कधी नुसतंच गाडी थांबवून ड्रायव्हरला करवंदं द्यायला. तिच्या परसात वैशाखात एक नवल असायचं. पान नाही, देठ नाही, फांदी नाही, थेट भुईतूनच फूल वर यायचं, पांढरं, मधोमध जांभळं, आणि वास असा की गाडीत ठेवलं तर मागच्या बाकापर्यंत जायचा. फुलं सरली की मग पावसात पानं. थंडी पडली की पानंही गडप, जागेवर काही होतं याची खूण राहायची नाही. रामनाथांना त्या फुलानं याड लावलं. म्हातारीनं दोन गड्डे काढून दिले आणि सांगितलं, “तुमच्या काळ्या रानात मरंल त्यो. चुनखडी सोसत न्हाई त्याला. आमची तांबडी आंबट माती लागती, कुजल्या पाल्याची. सावली लागती अन् वल लागती. पर पाणी तुंबवायचं न्हाई.”

रामनाथांनी मग परसदारी, जिथं जांभळीच्या आणि भिंतीच्या सावलीनं ऊन कधी टेकत नाही, तिथं छातीएवढा खड्डा घेतला. काळी माती उपसून फेकली. म्हातारीच्या परसातली तांबडी माती पोत्यांत भरून खेपेखेपेनं गाडीतून आणली. इस्माईल म्हणायचा, “ड्रायवर, माणसापरास तुझी मातीच जास्त फिरती. अर्धं तिकीट फाडू का?” बोअरचं पाणी खारट म्हणून पागोळ्यांचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवायचं, उन्हाळ्यात वर गोणपाट बांधायचं, जांभळीचा कुजलेला पाला मुळाशी पसरायचा. एवढे लाड त्यांनी पोरांचेही केले नाहीत, असं अंबाबाई म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते. पण चाफा जगला. आसपासच्या गावांत तसा दुसरा नव्हता. वैशाखात लोक मुद्दाम बघायला यायचे.

पुढे अमृत गेला. मग काही वर्षांनी अंबाबाई गेली. रामनाथांचा पोरगा पिंपरीला, गोरख चाकणला कंपनीत. एवढ्या घरात राहिली दोन माणसं, आणि ती एकमेकांशी बोलत नव्हती. मधलं बोलणारं कुणीच उरलं नाही. साळुबाई दोघांचं रांधायची, ताट ओसरीच्या कट्ट्यावर ठेवायची, तांब्या दोनदा वाजवायची आणि आत जायची. रामनाथ जेवून ताट स्वतः धुऊन पालथं घालायचे. घर इतकं गप्प झालं की कोंबडी खोकली तरी ऐकू यावी.

मग एका सकाळी रामनाथ चाफ्याला पाणी घालताना नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाले, “चाफ्या, कालचं कालवण झकास झालं व्हतं, बरं का.”

साळुबाई भांडी घासत होती. तिनं हात थांबवला. मग तीही चाफ्याला म्हणाली, “चाफ्या, आजबी त्येच हाय, सांग त्यास्नी.”

तेव्हापासून चाफा या घरचं टपालखातं झाला. दुधवाला आला नाही, गोरखचा फोन आला, उसात वाघरू दिसलं म्हणून सांजचं बाहेर पडू नका, सगळं त्याच्यामार्फत. थंडीत तो भुईत निजायचा तेव्हा दोघं उघड्या मातीशी बोलायची. इस्माईल निवृत्तीनंतर जुन्नरला रोपं विकायचा, दोन-चार महिन्यांनी चक्कर टाकायचा. तो हे ऐकून पोट धरून हसला. “अरे, तो झोपलाय की.” रामनाथ म्हणाले, “झोपलाय, बहिरा न्हाई झाला.” गावाला काय, जीभ असतेच. पण झाडाशी बोलणाऱ्याला गाव फार तर खुळं म्हणतं, आणि विधवा भावजयीशी गप्पा मारणाऱ्याला काय म्हणतं ते सांगायला नको. दोघांनाही हे बरं पडत होतं. खरं सांगायचं तर साळुबाईला दिवसाकाठी त्या चार वाक्यांचाच आधार होता.

त्या पौषात रामनाथ डोळ्याच्या ऑपरेशनला पोराकडे पिंपरीला गेले आणि पोरानं दोन महिने ठेवून घेतलं. निघताना पिशवी खांद्याला लावून ते कोपऱ्यात उभे राहिले. चाफा तेव्हा निजलेला. “चाफ्या, मी येईस्तवर ड्रमातलंच पाणी घ्यायचं, आठवड्याला तांब्याभर. पाला हलवायचा न्हाई. कोंबड्या उकरत्यात, त्यास्नी हाकलायचं.” दारामागून साळुबाईनं सगळं मनात धरलं. राखेचं ते काही बोलले नाहीत. राख घालू नका हे सांगावं लागेल, असं त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि राख घालू का हे विचारावं, असं तिच्या.

कारण राख म्हणजे औषध. कांद्याच्या रोपावर राख, वांग्यावर राख, साठवणीच्या कडधान्यात राख, भांड्यांना राख. साळुबाईच्या आईनं, सासूनं, सगळ्यांनी हेच केलं होतं. रामनाथ गेल्यावर चाफ्याच्या जागेवर तांबड्या मुंग्यांनी वारूळ धरायला सुरुवात केली. तिच्या जिवाचं पाणी झालं. त्यांनी विश्वासानं सोपवलेली गोष्ट, आणि मुंग्या गड्डे खाऊन जातील. तिनं पाला अलगद बाजूला केला, बंबाची राख घमेल्यानं आणून टाकली, पुन्हा पाला होता तसा पसरला. मुंग्या पांगल्या. मग पुन्हा दिसल्या, पुन्हा टाकली. रोज सकाळी ती त्या जागेला म्हणायची, “आबा बरं हायेत, गोरख बोलला फोनवर. काळजी करू नगंस.” घरात सगळे रामनाथांना आबाच म्हणत.

आबा आले ते फाल्गुनात, डोळ्याला काळा चष्मा लावून. पाला जागच्या जागी, ड्रम झाकलेला. ते चाफ्याला म्हणाले, “लई चांगलं संभाळलं म्हणावं.” साळुबाईला त्या दिवशी भाकरी थापताना गाणं सुचत होतं.

वैशाख आला. फूल आलं नाही.

“उशीर हाय यंदा,” रामनाथ मातीला म्हणाले. मग वैशाख सरला. “ऊन लई झालं आसंल,” साळुबाई मातीला म्हणाली. मृग कोरडा गेला नाही, माती ओलीचिंब झाली, तरी पान वर आलं नाही. बोलणं कमी कमी होत गेलं. ज्याला हाक मारायची तोच ओ देत नाही, तर निरोप कुणाच्या हाती द्यायचा? साळुबाई सकाळी कोपऱ्यात जाऊन उभी राहायची आणि नुसतीच परत यायची. रामनाथ चष्मा काढून वाकून वाकून बघायचे. तांब्या पुन्हा दोनदा वाजायला लागला.

पाऊस उघडल्यावर एका दुपारी इस्माईल आला. मोटारसायकल लावता लावताच त्यानं विचारलं, “काय ड्रायवर, पोस्टमन कुठाय तुझा?”

“उठंना झालाय,” रामनाथ म्हणाले.

साळुबाईनं चहा टाकला. ती कपबशा घेऊन परसदारच्या चौकटीत आली तेव्हा इस्माईल उकिडवा बसून पाला बाजूला सारत होता. त्यानं बोटानं माती उकरली, चिमटीत घेतली, चोळली. मग खुरप्यानं आणखी खाली गेला. पाल्याखाली राखाडी थर होता, ओला, घट्ट, लिंपल्यासारखा. त्याच्याखालून त्यानं एक गड्डा काढला. दाबल्याबरोबर तो बोटांत फुटला, आत नुसतं काळं पाणी.

“या अल्ला,” इस्माईल म्हणाला. “राख कुणी घातली रे यात?”

त्यानं बोटं पाल्याला पुसली.

“अरे, आंबट माती हाय ना ही? लिंबाच्या सरबतात सोडा टाकल्यावर काय व्हतं? तसं झालं. मातीचा जीव मारला, अन् गड्डं भाजून काढलं. घमेल्यानं ओतलीया राख. कुणाचं काम हाय?”

साळुबाईनं कपबशा चौकटीशी खाली ठेवल्या. तिला वाटलं, आता पायाखालची भुई दुभंगावी. तिनं तोंड उघडलं, पण बाजेवर थोरले दीर, त्यांच्यादेखत कसं बोलायचं?

“म्या घातली,” रामनाथ म्हणाले. ते दाराकडे बघतसुद्धा नव्हते. “मुंग्या झाल्या व्हत्या.”

“तू?”

“डोळ्यानं दिसत नव्हतं तवा. जास्त पडली आसंल.”

मग इस्माईलनं त्यांना जे धारेवर धरलं ते विचारू नका. इतकी वर्षं झाडं वाढवतोस, म्हातारीनं सांगितलं ते विसरलास, एवढी पोती काय हमालीच्या हौसेनं वाहिली का, डोळ्यांचं ऑपरेशन केलं त्यात अक्कलबी काढून घेतली का. रामनाथ मान खाली घालून ऐकत होते. साळुबाई चौकटीत उभी राहून ते सगळं ऐकत होती, आणि त्यातला शब्दन् शब्द तिचा होता. चहा निवून गेला. इस्माईलनं सगळी जागा उकरली, एकही गड्डा घट्ट मिळाला नाही. जाताना त्याचा आवाज उतरला होता. “जाऊ दे रे,” म्हणाला आणि गेला.

साळुबाई घरात येऊन बसली, उठली, पीठ मळायला घेतलं आणि तसंच ठेवलं. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. आबा बोलणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. चार दिवसांत विषय मिटेल आणि आपल्या हातानं आपला चाफा मारणारे म्हणून आबांचं गावात नाव होऊन बसेल. इस्माईलच्या तोंडाला कुलूप नव्हतं, उद्या घोडेगावापर्यंत जाईल. तिला स्वतःची फार चीड आली. नियम म्हणून पाळलं, पण नियमाच्या आड लपून राहायचं म्हणजे काय? ती परसदारी आली. नेहमीच्या सवयीनं कोपऱ्याकडे वळली आणि “चाफ्या” म्हणायला ओठ हलले. कोपऱ्यात उकरलेला खड्डा होता.

ती खांबापाशी गेली. पदर डोईवरून पुढे ओढला. रामनाथ खुरप्यानं राखेचा थर खरवडून घमेल्यात भरत होते.

“आबा.”

रामनाथांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. गोरख आला की काय, असं त्यांना वाटलं. दारात कुणी नव्हतं.

“आबा, राख तुमी न्हाई टाकली. म्या टाकली.”

खुरपं थांबलं. भिंतीपलीकडे कुणाची तरी मोटार पाणी ओढत होती, तेवढाच आवाज. रामनाथांनी खुरप्यावरची राख घमेल्याच्या कडेवर झटकली. मग घमेल्यालाच म्हणाले, “ठावं हाय.”

“मग त्यांच्यापुढं खोटं का बोललात?”

“इस्माईल तोंडाचा फाटका. तुला बोलला आसता.” एवढं बोलून ते थांबले. आपण कुणाशी बोलतोय हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं. पण बोललेलं माघारी घेता येत नाही, म्हणून पुढे गेले. “मला सवय हाय. पॅसिंजरांचं ऐकून ऐकून कान किटल्यात.”

साळुबाईला रडू फुटलं. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला. “मुंग्यांनी खाल्ला आसता. मला वाटलं, तुमी आल्यावर काय दावू.”

“व्हत्या का खरंच मुंग्या?”

“लई. तांबड्या.”

“मग तू तरी काय करणार,” रामनाथ म्हणाले. “म्या सांगून जायला पायजे व्हतं. माझ्या डोक्यातच न्हाई आलं.”

“दुसरा आणता यील का? त्या म्हातारीकडनं?”

“म्हातारी कवाच गेली. परसाच्या जागी लॉज झालंय आता. फरशी घातलीया समदी.”

साळुबाई खड्ड्याकडे बघत होती. एवढी माती, एवढ्या खेपा, आणि तिच्या हातानं सगळं धुऊन गेलं. ते कधी भरून येणार नव्हतं, हे तिला कळत होतं, आणि त्यांनाही.

“आता सांगायचं कुणापाशी?” ती म्हणाली.

रामनाथांनी घमेलं उचललं, दोन पावलं गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, “आता सांगितलंसच की.”

सांजेला तिनं भाकऱ्या केल्या, वाटाण्याचं कालवण केलं. ताट वाढून कट्ट्यावर ठेवलं आणि तांब्या वाजवायला हात पुढे केला. हात तिथंच राहिला. आता तांब्या वाजवायचा म्हणजे तिला कसंसंच वाटलं. “आबा, वाढलंय,” ती आतूनच म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. रामनाथ आले, पाय धुतले, पाटावर बसले.

एरवी ती आत निघून जायची. आज उंबऱ्याशी खांबाला धरून उभी राहिली. ते खाली बघून जेवत होते, सावकाश, एकेक घास चावून. दुसरी भाकरी संपली. त्यांनी ताटातलं कालवण बोटानं निपटून घेतलं आणि पाण्याला हात घातला. आल्यागेल्या कुठल्याही पाहुण्याला विचारावं तसं तिच्या तोंडून निघून गेलं, “आजून वाढू का भाकरी?”

रामनाथांचा हात तांब्यावर थांबला. ते तिच्याकडे बघत नव्हते. कट्ट्याच्या दगडाकडे बघत त्यांनी थोडा विचार केला.

“अर्धी आसंल तर चालंल.”

साळुबाई दुरडीपाशी गेली आणि वाकल्या जागी तशीच राहिली. अंबाबाई गेल्यापासून ती त्यांना दोनच भाकऱ्या वाढत आली होती. अंबाबाई दोन वाढायची, म्हणून हिनंही दोन. अंबाबाई नंतर विचारत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं. ताट चाटूनपुसून यायचं आणि तिला वाटायचं, कालवण आवडलं. इतकी वर्षं ते रोज अर्ध्या भाकरीची भूक ठेवून उठत होते. झाडापाशी सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

तिनं आपल्या वाटणीची भाकरी घेतली, मोडली, अर्धी त्यांच्या ताटात ठेवली, वर कालवण घातलं. ते जेवायला लागले. उरलेली अर्धी हातात धरून ती तिथंच उभी राहिली, पुन्हा विचारायला.